अंगकोरला जाण्यापूर्वी

कंबोडियाला निघालो आहोत असे पुण्यात कोणाला सांगितले की पुढचे वाक्य ठरलेले असते : "हो, जगातले सर्वांत मोठे हिंदू मंदिर तिथेच आहे ना!" हे चूक नाही. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजा दुसरा सूर्यवर्मन याने अंगकोर वाट उभारले ते विष्णूसाठीच. भोवतीचा खंदकच जवळजवळ १९० मीटर रुंद आहे, मधले शिखर ६५ मीटर उंच आहे, आणि भिंतींवर कुरुक्षेत्र, लंकेचे युद्ध, समुद्रमंथन असे एकेक कथानक पन्नास-पन्नास पावले चालत पाहावे लागते. हे पाहून ऊर भरून येणारच. माझा आक्षेप आहे तो त्यानंतर जे होते त्याला. ऊर भरून आला की आपण पाहणे थांबवतो. 'हे आपलेच' असे एकदा म्हणून टाकले की ते ज्यांचे आहे त्यांची चौकशी करावीशी वाटत नाही. त्या चौकशीसाठी हे पुस्तक लिहिले आहे.

येरवडा, कल्याणीनगर, विश्रांतवाडी भागातल्या काही मंडळींनी मार्गदर्शकासह कंबोडियाचा प्रवास करायचे ठरवले, त्या निमित्ताने हे पुस्तक तयार झाले. रोजच्या कार्यक्रमाचा कागद कोणतीही सहल कंपनी देते. आम्हाला हवे होते ते निराळे : निघण्याआधी निवांत वाचता येईल आणि तिथे खांद्यावरच्या पिशवीत राहील असे काही. पहिल्या भागात इतिहास आणि स्थापत्य आहे, दुसऱ्यात तिथले रोजचे जगणे, तिसऱ्यात १९७५ ते १९७९ ही काळी वर्षे, आणि शेवटी व्यवहाराच्या सूचना. दुसरा भाग पहिल्यापेक्षा मोठा आहे. तो मुद्दाम तसा ठेवला आहे.

ख्मेर, म्हणजे कंबोडियाच्या, संस्कृतीवरचे पुस्तक येरवड्यात का लिहावे, असे कोणी विचारील. उत्तर येरवड्यातच उभे आहे. डेक्कन कॉलेजची दगडी इमारत १८६८ ची. त्याआधी १८२१ मध्ये हीच संस्था विश्रामबागवाड्यात हिंदू कॉलेज म्हणून सुरू झाली होती. पुढे मध्येच बंद पडलेले हे कॉलेज १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले, आणि ह. धी. सांकलियांनी तिथे पुरातत्त्वाची जी शाळा घडवली तिच्यामुळे खापराच्या तुकड्यालाही प्रश्न विचारायची सवय महाराष्ट्राला लागली. तिथेच १९४८ पासून संस्कृतच्या महाकोशाचे काम चालू आहे. सुमारे दीड हजार ग्रंथांतून निवडलेले शब्द, त्यांच्या जवळपास एक कोटी चिठ्ठ्या, लोखंडी कपाटांच्या रांगा. आमच्यातले बरेच जण त्या आवाराशेजारून रोज फिरायला जातात. ज्या भाषेचा असा जमाखर्च आपल्या शेजारी मांडला जातो, तीच भाषा कंबोडियाच्या राजांचे कवी हजार वर्षांपूर्वी सफाईने लिहीत होते.

एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. मेकाँगच्या काठी वेआल कांतेल येथे सातव्या शतकाच्या सुमाराचा एक शिलालेख मिळाला. सोमशर्मा नावाच्या ब्राह्मणाने त्रिभुवनेश्वराच्या मंदिराला रामायण, पुराण आणि संपूर्ण भारत, म्हणजे महाभारत, यांच्या पोथ्या दान दिल्या आणि त्यांचे रोज वाचन व्हावे अशी व्यवस्था लावली, असे त्यात नोंदले आहे. भांडारकर संस्थेने १,२५९ हस्तलिखिते ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पुरी केली, त्या पुण्याच्या वाचकाला या नोंदीचे मोल वेगळे सांगायला नको. भारतात महाभारताच्या एवढ्या जुन्या पोथ्या टिकलेल्याच नाहीत. एवढ्या दूर, एवढ्या लवकर, अख्खे भारत रोज वाचले जात होते.

इथवर सगळे आपल्या अभिमानाला सोयीचे आहे. आता जरा पुढे जाऊ. कंबोडियातले बरेच शिलालेख दोन भाषांत आहेत. देवाची स्तुती, राजाची वंशावळ आणि पराक्रम संस्कृत श्लोकांत. आणि शेत कोणाचे, हद्द कुठली, तांदूळ किती, मंदिराच्या कामावर माणसे कोणती, त्यांची नावे काय, हे बहुतेक वेळा जुन्या ख्मेर भाषेत. म्हणजे संस्कृत आली ती रिकाम्या घरात आली नाही. तिथे नांगर, पाणी, गाव, नातेवाईक आणि हिशेब असलेला समाज आधीच होता, आणि त्याने हवे तेवढे घेतले. साम्बोर येथल्या एका लेखात 'शक ६०५', म्हणजे इसवी सन ६८३, हे वर्ष अंकांत कोरले आहे. आपल्या लग्नपत्रिकेवर आणि पंचांगावर असतो तोच शक. त्यातल्या शून्याच्या जागी एक टिंब आहे. दशमान पद्धतीतल्या शून्याच्या तारीख असलेल्या नोंदींपैकी ही जगातल्या सर्वांत जुन्यांत मोडते. जॉर्ज सेदेस या फ्रेंच पंडितांनी १९३१ मध्ये तिच्याकडे जगाचे लक्ष वेधले. हा लेख संस्कृतात नाही, ख्मेर भाषेत आहे. गणित करणारा माणूस तिथला होता.

'बृहत्तर भारत' ही कल्पना गेल्या शतकात आपल्या पुष्कळ मोठ्या अभ्यासकांना मोहवून गेली. परकीय सत्तेखाली असलेल्या देशाला तिने धीर दिला, हे मी समजू शकतो. आज ती घेऊन कंबोडियात उतरणे यजमानांवर अन्याय करणारे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ख्मेर लोकांना भारतातून जाऊन कोणी जिंकले नव्हते, भारताने तिकडे वसाहत केली नव्हती. त्यांनी शिव, विष्णू, बुद्ध स्वीकारले आणि आपल्या पद्धतीने सांभाळले.

कसे सांभाळले, ते अंगकोर वाटच्या पश्चिम दरवाजातच दिसते. प्रवासी तिथे थांबत नाहीत. सर्वांना आतली शिखरे गाठायची घाई असते. उजव्या हाताला अंधारलेल्या देवडीत एक उंच, आठ हातांची विष्णूमूर्ती उभी आहे. अंगावर पिवळे-सोनेरी रेशमी वस्त्र, बाजूला छत्र्या, पुढे वाळूच्या भांड्यात उदबत्त्या, कमळाच्या कळ्या, कधी फळे. स्थानिक लोक तिला विष्णू म्हणत नाहीत. ती 'ता रीच', या जागेचा राखणदार. लग्न ठरलेली जोडपी इथे पाया पडायला येतात. ख्मेर खेड्यांत झाडाखाली, शेताच्या बांधावर असे 'नेआक ता' असतात. आपल्याकडचा म्हसोबा किंवा वेताळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना समजावून सांगावे लागणार नाही. मंदिर विष्णूसाठी बांधले, पुढे ते बौद्ध विहार झाले आणि आजही भिक्षू तिथे राहतात, आणि दारातला विष्णू गावाचा राखणदार होऊन बसला. या तिन्ही गोष्टी एका जागी, एकाच वेळी खऱ्या आहेत. आमच्या मार्गदर्शकाला विनंती केली आहे की या देवडीत पुरता वेळ द्यावा.

रामकथेचेही तसेच. ख्मेर रामकथेला 'रिअमकेर' म्हणतात. तिच्यात सेतू बांधताना दगड पळवणारी सोनेरी मत्स्यकन्या येते, ती रावणाची मुलगी, आणि हनुमान तिच्या प्रेमात पडतो. गावोगावी ब्रह्मचारी मारुतीला तेल वाहणाऱ्या आपल्याला हे ऐकून धक्का बसेल. तो बसू द्यावा. नर्तकी जेव्हा हा प्रसंग करून दाखवतात, तेव्हा 'मूळ कथेत असे नाही' असे शेजारच्याच्या कानात सांगू नये. त्यांच्यासाठी मूळ कथा हीच आहे.

स्थापत्याच्या प्रकरणात मी थोडा जास्त रमलो आहे, कारण महाराष्ट्रातल्या माणसाला तिथले दगड ओळखीचे वाटतात. ख्मेर मंदिरांचा पाया आणि आतला गाभा बहुतेक ठिकाणी जांभ्याचा आहे, कोकणात घरे बांधतात तोच. बाहेरून वालुकाश्म, तो कुलेन डोंगरातून कालव्यांनी आणलेला. चुन्याशिवाय, दगडावर दगड घासून बसवण्याची रीत, सिन्नरच्या गोंदेश्वरासारखी हेमाडपंती देवळे पाहिलेल्यांच्या लगेच लक्षात येईल. खरी कमान तिथेही नाही. दगड थोडे थोडे पुढे सरकवत छत मिटवले आहे, म्हणून दालने लांब असली तरी अरुंद आहेत, आणि एवढ्या प्रचंड मंदिरात माणसांचा मोठा मेळा भरेल असा एकही सभामंडप नाही. ही उणीव आहे की निवड, यावर पुस्तकात स्वतंत्र टिपण आहे.

बांतेय स्रेई हे मात्र अभ्यासाविनाही कोणाचेही मन जिंकते. इसवी सन ९६७ मध्ये प्रतिष्ठा झालेले हे लहानसे मंदिर राजाने बांधलेले नाही, यज्ञवराह नावाच्या राजगुरूने बांधले. गुलाबी दगडात नखाएवढ्या जागेतही कोरीव काम आहे. तिथे कैलास हलवणारा रावण आहे. वेरूळच्या कैलास लेण्यातला रावण आठवून मग हा पाहावा. वेरूळचा रावण डोंगराखाली दडपलेला, सगळा जोर पाठीत. इथे रावण पायऱ्यापायऱ्यांच्या कैलासाखाली आहे, वर एकेका पायरीवर ऋषी, प्राणी, पशुमुखी सेवक घाबरून वळलेले, आणि शिखरावर पार्वती शिवाला बिलगलेली. एकच गोष्ट दोन देशांत दोन कलावंतांनी सांगितली, दोघेही श्रेष्ठ. गो. बं. देगलूरकरांच्या 'मंदिर कसे पहावे' या पुस्तकाने पुणेकरांना जे शिकवले ते इथे उपयोगी पडेल, फक्त तिथली उत्तरे वेगळी येतील एवढी तयारी ठेवावी.

आता ज्या भागासाठी हे पुस्तक मला सर्वांत जास्त हवे होते त्याबद्दल. राजा सातवा जयवर्मन ११८१ मध्ये गादीवर आला. बायोन मंदिर त्याचे, दगडी चेहऱ्यांचे. सगळे लोक त्या चेहऱ्यांचे फोटो काढतात. बाहेरच्या ओवरीतल्या भिंतीकडे मात्र थोडेच वळतात. त्या भिंतीवर बाराव्या-तेराव्या शतकातली माणसे आहेत : बाजारात मासे विकणाऱ्या बायका, हातात तराजू धरलेला माणूस, कोंबड्यांची झुंज लावणारे, पटावर खेळणारे, उकळत्या कढईत डुक्कर सोडणारे आचारी, बाळंत होणारी बाई. सैन्याच्या मिरवणुकीत एकाने हातात कासव धरले आहे आणि ते कासव पुढच्या माणसाच्या पार्श्वभागाला चावते आहे, तो दचकून मागे बघतो. असे कोरण्याची मुभा ज्या शिल्पकाराला होती त्याच्या काळाबद्दल मला आदर वाटतो. चीनचा झोऊ दागुआन १२९६ मध्ये अंगकोरला आला, जवळजवळ वर्षभर राहिला. तिथला व्यापार बायकांच्या हाती आहे, असे त्याने लिहून ठेवले. अंगकोरशेजारच्या सिएम रीप शहराच्या बाजारात सकाळी गेलात तर आजही मासळीच्या, भाजीच्या, सोन्याच्या गाळ्यांवर बसलेल्या बायकाच दिसतील.

याच राजाच्या ता प्रोम मंदिराचा शिलालेख ११८६ चा. मंदिराच्या सेवेत ३,१४० गावे आणि सुमारे ८० हजार माणसे होती, असे त्यात आहे. राज्यात १०२ आरोग्यशाळा होत्या, हेही त्यातच. प्रजेचे दुखणे हे राजाचे दुखणे, असा भाव त्या आरोग्यशाळांच्या लेखांत येतो. मंदिर म्हणजे केवढा मोठा संसार होता, किती जणांचे पोट आणि किती जणांची सक्तीची मेहनत त्याला बांधलेली होती, हे या आकड्यांनी कळते. ता प्रोमच्या भिंतींवर झाडे चढली आहेत. ती झाडे आणि ते दगड दोन्ही सांभाळण्याचे अवघड काम २००४ च्या सुमारापासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे पथक अंगकोरची देखभाल करणाऱ्या अप्सरा प्राधिकरणाबरोबर करत आले आहे. त्याआधी १९८६ ते १९९३ या काळात, देश यादवीत असताना, भारतीयांनी अंगकोर वाटवर काम केले. त्यातल्या रासायनिक धुलाईवर पुढे टीकाही झाली. पण बाकीचे बहुतेक जग दूर असताना ही माणसे तिथे होती, हे विसरू नये.

पाण्याचे प्रकरण सावकाश वाचावे. पश्चिम बाराय हा अंगकोरचा मानवनिर्मित तलाव सुमारे आठ किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटर रुंद आहे. पण त्याहून थोर चमत्कार निसर्गाने केला आहे. पावसाळ्यात मेकाँगला एवढे पाणी येते की तोन्ले साप नदी उलटी वाहू लागते आणि त्याच नावाचे सरोवर चार-पाच पटींनी पसरते. झाडे पाण्यात जातात, मासे झाडांत अंडी घालतात, आणि पाणी ओसरताना देशाला मासे व गाळ मिळतो. आपल्याकडे धरणातून पाणी सोडले की मुळा-मुठेच्या काठच्या येरवड्यातल्या वस्त्यांना रातोरात घरे सोडावी लागतात. तोन्ले सापच्या काठच्या कंपोंग ख्लेआंग गावची माणसे दोन-तीन पुरुष उंच खांबांवर घर बांधून त्या पाण्याची वाट पाहतात. पाणी पुन्हा उलटे फिरते तेव्हा कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास होड्यांच्या शर्यतींचा मोठा उत्सव असतो. आणि भाद्रपद वद्यात, आपल्या पितृपंधरवड्यातच, 'प्चुम बेन' येतो. पहाटे अंधारात लोक विहाराभोवती भाताचे गोळे टाकत फिरतात. ज्यांना विचारणारे कोणी उरले नाही अशा पितरांसाठीही. असे पितर त्या देशात फार आहेत.

ते का, हे तिसऱ्या भागात आहे. १७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेने राजधानी नोम पेन्ह ताब्यात घेतली आणि काही दिवसांत सगळे शहर रिकामे केले. रुग्णालयातल्या रुग्णांनाही बाहेर काढले. पैसा बंद, शाळा बंद, विहार बंद, कुटुंबे तोडलेली. ७ जानेवारी १९७९ पर्यंत उपासमार, आजार, मेहनत आणि हत्या यांत पंधरा ते वीस लाख लोक गेले, म्हणजे दर चार-पाच माणसांत एक. राजधानीतले तुओल स्लेंग ही एक शाळा होती, तिचा तुरुंग केला. वर्गांत कोठड्या बांधल्या. तिथल्या किमान बारा हजार माणसांच्या मृत्यूबद्दल तुरुंगप्रमुखाला पुढे न्यायालयाने दोषी ठरवले. शास्त्रीय नृत्याचे बहुतेक गुरू त्या काळात संपले. जे थोडे वाचले त्यांनी निर्वासितांच्या छावण्यांत आणि पुढे राजधानीत मुलींची बोटे पुन्हा वळवायला शिकवली. आज सिएम रीपच्या हॉटेलात जेवता जेवता जे नृत्य दिसते ते इतक्या थोड्या हातांतून इथवर आले आहे. त्या वेळी ताटाकडे लक्ष देऊ नये, एवढी माझी कळकळीची विनंती.

येरवडेकरांना तुरुंगाची भिंत नवी नाही. येरवड्याच्या तुरुंगातच सप्टेंबर १९३२ मध्ये गांधीजींचे उपोषण आणि पुणे करार झाला. आगाखान राजवाडा १८९२ मध्ये दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून बांधला, पन्नास वर्षांनी तो कैदखाना झाला, आणि महादेवभाई देसाई व कस्तुरबा यांच्या समाध्या आज त्याच आवारात आहेत. तिथे आपण चप्पल काढून, आवाज खाली करून उभे राहतो. तुओल स्लेंगमध्येही तसेच राहावे. भिंतीवरच्या फोटोंपुढे स्वतःचा फोटो काढू नये. मार्गदर्शक पन्नाशीपुढचा असेल तर त्याचे आई-वडील त्या काळातून वाचलेले किंवा त्यातच गेलेले असतात. त्याने आपणहून सांगितले तर ऐकावे, खोदून विचारू नये.

व्यवहाराच्या सूचना शेवटी सविस्तर आहेत. इथे चारच सांगतो. अंगकोरचा पास २०१७ पासून एका दिवसाला ३७ डॉलर, तीन दिवसांना ६२ आणि सात दिवसांना ७२ असा आहे. आपण तीन दिवसांचा घेणार आहोत. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे नसतील तर अंगकोर वाटच्या वरच्या मजल्यावर सोडत नाहीत. अनाथालयाला भेट देण्याचा कार्यक्रम कोणी सुचवला तर नम्रपणे नकार द्यायचा : तिथल्या अशा संस्थांतल्या पुष्कळ मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, आणि पाहुण्यांच्या देणग्यांमुळे मुले घरापासून तुटतात. थायलंडच्या सीमेवर जुलै २०२५ मध्ये संघर्ष उसळला, म्हणून तिथल्या डोंगरावरचे प्रेह विहेअर मंदिर या प्रवासातून वगळले आहे.

खाण्याबद्दल मंडळींची काळजी मला ठाऊक आहे. चिवडा, लाडू, थेपले जरूर घ्यावेत. शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावे की प्राहोक, म्हणजे मुरवलेल्या माशाचे खारट वाटण, तिथे साध्या भाजीतही पडते. मार्गदर्शक आधी विचारून घेईल. मासे खाणाऱ्यांनी मात्र एक सकाळ हॉटेलचा नाश्ता सोडून बाजारात नोम बान्ह चोक खावे. तांदळाच्या ताज्या शेवया, त्यावर गवती चहा आणि हळद घातलेला माशाचा हिरवट रस्सा, वर बारीक चिरलेले केळफूल आणि काकडी. कोकणातल्या कोणालाही ती चव परकी वाटणार नाही, आणि बाकड्यावर शेजारी बसून खाणाऱ्या माणसाशी तिथेच पहिली ओळख होईल.

प्रवासाच्या पहिल्या दिवशी अंगकोर वाट ठेवलेले नाही. पहिला दिवस बाजाराचा आणि गावाचा, दुसरा बायोनच्या ओवरीचा, अंगकोर वाट तिसऱ्या दिवशी. वाचकांनी निघण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्व संग्रहालय एकदा नीट पाहून यावे. आणि आजच्या कंबोडियाबद्दल, तिथल्या शेतीबद्दल, शाळेबद्दल, मुलांबद्दल, मार्गदर्शकाला विचारायचे निदान दोन प्रश्न या पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर आपल्या हाताने लिहून आणावेत.

येरवडा, पुणे